घोडीचा गूळ

ओझरला विघ्नहराला नारळ फोडून भगवंतदादा निघाल्याचा फोन आला, तेव्हा मेहबूबचाचांच्या तबेल्यात गूळ कुठल्या घोडीला द्यायचा हे अजून ठरत होतं. खरं म्हणजे ते सकाळीच ठरलं होतं. फक्त हुदाला ते मान्य नव्हतं, आणि हुदाला मान्य नसलेली गोष्ट ठरली असं म्हणायला अलीकडे त्या घरात कुणी धजावत नसे.

भगवंतदादांचं गाव घोडेगावच्या वर, डोंगराच्या अंगाला. त्यांच्या आजोबांपासून त्यांचा बैलगाडा यात्रेच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पळायचा आणि त्या गाड्यापुढे घोडी पळायची ती जुन्नरच्या या तबेल्यातली. घाटात गाडा एकटाच सुटतो. त्याची शर्यत घड्याळाशी. बैल जीव खाऊन पळतात ते पुढच्या घोडीच्या मागे. म्हणून गाड्याचं नाव बैलावरून होत असलं तरी जाणती माणसं आधी विचारतात, पुढं घोडी कुणाची?

दरवर्षी यात्रेच्या आदल्या दिवशी भगवंतदादा बैल पिकअपमध्ये घालून जुन्नरला आणायचे. बैलांची आणि घोडीची तोंडओळख व्हायची. मग दादा खिशातून गुळाचा खडा काढून तबेल्याच्या मालकाच्या ओंजळीत ठेवायचे, मालक तो घोडीला चारायचा, आणि ती घोडी त्या हंगामाची होऊन जायची. इतकी वर्षं ती ओंजळ मेहबूबचाचांची होती. गेल्या ईदला शिरखुर्मा खाता खाता म्हाताऱ्यानं सांगून टाकलं होतं, "पुढच्या गुळाला मी हात पसरणार न्हाई. ज्याची घोडी गूळ खाईल, तबेला त्याचा." शिरखुर्म्याची वाटी तिथंच राहिली होती आणि तेव्हापासून घरात कुणाला धड गोड लागलं नव्हतं.

दावेदार दोनच होते. एक चाचांचा धाकटा मुलगा हमजा. पुण्याच्या रेसकोर्सवर सकाळच्या सरावाला घोडे फिरवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती, आणि गेल्या दिवाळीत तिथलीच एक निवृत्त घोडी तो घेऊन आला होता. विंटर राग तिचं नाव. उंच, काळीभोर, चालायला लागली की शेजारची माणसं हातातलं काम सोडून बघत. दुसरी हुदा, थोरल्या नुमानची बायको. नुमान डेंग्यूनं गेला त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. मूलबाळ नव्हतं. त्याच्यामागे राहिली होती ती त्यानं पैदास केलेली रेशमा, घरच्याच लाडकी नावाच्या घोडीची पोर, बुटकी, तपकिरी, आणि कान सतत हलवणारी.

हुदाच्या भावाचा नारायणगावात टोमॅटोच्या क्रेटचा धंदा होता. त्यानं बहिणीसाठी माडीवरची खोली रंगवून ठेवली होती. भाऊ चांगला होता, हाच वांधा होता. वाईट असता तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं. तबेला हमजाकडे गेला की तो देशी घोड्या विकणार, हायवेला रायडिंग स्कूल काढणार, आणि मग एखाद्या शुक्रवारी कुणीतरी अगदी प्रेमानं म्हणणार, हुदा, भावाकडे चार दिवस जाऊन ये. ते चार दिवस संपणार नव्हते हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला नारायणगावची खोली नको होती. तिला हे शेण, हा वास आणि ही घोडी हवी होती, आणि त्यासाठी ती कुणाशीही भांडायला तयार होती.

"हुदा, आता वाद नको," बाजेवर बसलेले मेहबूबचाचा म्हणाले. "पावणं येत्यात. हमजाची घोडी. झालं."

"झालं कसं, अब्बा? तुमी तिला गाड्यापुढं पळताना बघितलंय?"

"रेसकोर्सची घोडी हाय ती. तिला काय बघायचं?"

"न बघता तर तुमी कोंबडी पण घेत न्हाई."

या घरात लाड दखनीत व्हायचे आणि भांडणं मराठीत. त्यामुळे सकाळपासून कोण कुठल्या बोलीत बोलतंय यावरून गल्लीलाही हवा कळली होती. लसूण सोलत बसलेली सासू बिबिजान तर सकाळपासून नुसती मराठीत गप्प होती.

हमजानं विंटरच्या पाठीवरून हात फिरवला. "भाभी, हिचा बाप ठाव हाय का तुमाला? ब्रेव्ह कमांडर. त्याची पोरं म्हंजे फाटक उघडायचा अवकाश, समोर दिसतच न्हाईत."

"आन आई?"

"आईचं काय?"

"आईचं काय म्हंजे? तुजं लगीन ठरताना अम्मीनं अलिझाच्या आईची चौकशी गावोगाव केली. घोडीच्या आईला कुणी इचारायचंच न्हाई व्हय?"

बिबिजाननं लसणाची पाकळी जरा जोरात सोलली. हमजाची बायको अलिझा ओट्यावर मोबाईल घेऊन बसली होती, तिनं मान खाली घालून हसू गिळलं. पुण्यात बी.कॉम. झालेली ही मुलगी लग्नानंतर रेसच्या नोंदी अशा वाचायला शिकली होती की हमजाचे जुने मित्र तिला फोन करून विचारत. सासऱ्यांना विंटरच्या शेवटच्या विजयाचा फोटो दाखवायचा म्हणून हमजानंच तिला आज मोबाईल घेऊन बसवलं होतं.

"वाच गं, तिची आई कोण ते," हमजा म्हणाला. "लपवायचं काय हाय त्यात? चांगल्या घराण्यातली हाय."

अलिझानं वाचलं. आईचं नाव लाँग अफेअर. मग तिचं बोट स्क्रीनवर खाली खाली जात राहिलं आणि चेहरा हळूहळू बदलला. तो बदल हुदानं पाहिला, हमजानं पाहिला नाही; तो घोडीकडे बघत होता.

"हिच्या आईची जेवढी पिल्लं धावली," अलिझा सावकाश म्हणाली, "त्यातलं जवळच्या शर्यतीत एकही जिंकलेलं नाही. जिंकली ती सगळी लांब पल्ल्याची."

"ते सोड. विंटरचं वाच. जिंकून घरी आलीय ती."

"तेच वाचतेय. पहिल्या हंगामात ट्रेनरनं तिला हजार-बाराशे मीटरला काढली. बाप बघून काढली असणार. सगळ्यांच्या मागे. जॉकी बदलून परत काढली. मागेच. डोळ्यांना झापडं लावून काढली. तरी मागेच. मग सोळाशेला घातली, तिथे मधे आली. मग चोवीसशे, तिथे जिंकली. त्यानंतर शेवटपर्यंत त्यानं तिला जवळच्या शर्यतीत एकदाही घातली नाही."

"मग?"

"मग काय? तुम्हीच मला शिकवलंत. ट्रेनर तोंडानं काय बोलतो ते ऐकू नको, तो घोडा कुठे घालतो ते बघ. त्यानं तीनदा बापावर विश्वास ठेवला आणि तीनदा तोंडावर पडला. मग आईचं ऐकलं."

खाण तशी माती, हे मेहबूबचाचा स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. आज ते सुनेनं मोबाईलमधून काढून पुढ्यात टाकलं होतं, आणि त्यांना ते जड जात होतं. ते धाकट्याकडे बघत राहिले.

हमजा मूर्ख नव्हता. रेसकोर्सवर दुसऱ्यांचे घोडे बघून निकाल सांगण्यात तो तरबेज होता; त्याच्या शब्दावर माणसं तिकिटं काढायची. पण ही घोडी दुसऱ्याची नव्हती. पडून मनगट मोडल्यावर त्याला रेसकोर्सनं हळूच बाजूला केलं तेव्हा त्याच्यासारखीच बाजूला पडलेली ही एकटीच त्याला ओळखून फुरफुरली होती. अशा घोडीचा हिशेब कोण मांडतो?

"चोवीसशे मीटर पळणाऱ्याला घाट म्हंजे दाराबाहेर जाऊन येण्याएवढा," तो म्हणाला. "लांब पळणाऱ्याला जवळ पळता येत न्हाई व्हय, भाभी?"

"पळता येतं. लगेच पळता येत न्हाई. आन बैल काय तिच्यासाठी थांबणार न्हाईत."

"आन तुमची ती बुटकी? तिची काय वंशावळ?"

"लाडकीची पोर हाय. लाडकीमागं भगवंतदादांच्या गाड्यानं किती घाट मारले ते अब्बांना इचार. बाप अकलूजच्या बाजारातला काठेवाडी. तुज्या भावानं निवडला."

"बुटका घोडा निवडला म्हणून अख्खा बाजार हसला व्हता त्याला."

"हसला व्हता. मी व्हते तिथं." हुदाचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तो म्हणला, हुदा, बैल घोडीच्या पायामागं पळत न्हाई, शेपटामागं पळतो. शेपूट लांब गेलं की बैल म्हणतो, जाऊ दे. आन शेपूट तोंडात आलं की बैल बावचळतो. मला उंच नको, पहिल्या पावलाला सुटणारी पायजे."

"तू घोडीसाठी बोलत न्हाईस," बिबिजान एवढ्या वेळानं बोलली. "नुमानसाठी बोलतीस."

"दोनी एकच हाय, अम्मी."

बिबिजाननं सुपातल्या लसणाकडे पाहिलं आणि सूप उचलून आत निघून गेली. सासू आपल्या बाजूची नाही हे हुदाला माहीत होतं. जिवंत राहिलेल्या लेकाची बाजू घेणाऱ्या आईला दोष देणं तिला जमत नव्हतं, पण त्यामुळे दुखायचं ते दुखतच होतं.

ती हौदावर बादली भरायला गेली तेव्हा अलिझा मागून आली.

"भाभी, मी ते वाचून दाखवलं म्हणजे तुमच्या बाजूची झाले असं समजू नका."

"मग का वाचलंस?"

"बैल अंगावर आले तर खाली माझा नवरा असणार आहे. तबेला जाऊ दे खड्ड्यात." अलिझानं इकडेतिकडे पाहिलं. "आणखी एक. ज्या घोडीवर रोज बसतो तिच्याबद्दल माणसाला खरं दिसत नाही. ते ह्यांना लागू आहे तसं तुम्हालाही."

"मी कुठं बसते?"

अलिझानं मागच्या दाराकडे पाहिलं. मग बादलीला हात लावून तिनं ती उचलायला मदत केली.

हुदाच्या कानशिलात गरम झालं. नुमान गेल्यावर रेशमाला फिरवायला कुणी नव्हतं. हमजा तेव्हा पुण्यात, सासऱ्यांचे गुडघे गेलेले. उभ्या उभ्या घोडी वाया जाते. म्हणून इद्दतचे, नवऱ्यामागे घरात बसायचे, दिवस संपल्यावर हुदा एके दिवशी फजरच्या नमाजाआधी उठली आणि मागच्या दारानं रेशमाला पाणंदीवर घेऊन गेली. नुमाननं लग्नाच्या पहिल्या वर्षी तिला हौसेनं बसायला शिकवलं होतं, ते अंगात होतंच. तेव्हापासून एक दिवस चुकला नव्हता. उजाडायच्या आत ती परत येऊन चुलीपुढे बसलेली असे, आणि घरात कुणाला पत्ता नाही अशी तिची खात्री होती. ती खात्री आत्ता हौदाच्या पाण्यात पडली.

पिकअप आला. भगवंतदादा पुढून उतरले, पांढरं धोतर, पांढरी टोपी, कपाळाला ओझरचा शेंदूर. मागून त्यांचा मुलगा आदेश आणि जुंपणारी पोरं उतरली, मग फळीवरून हिऱ्या आणि कोसा. घाटात चार बैल जुंपतात. तोंडओळखीला हे दोघंच, आणि मागे बांधून आणलेला सरावाचा हलका गाडा. दादांनी मेहबूबचाचांना मिठी मारली. दोघं म्हातारे एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत बाजेवर टेकले.

"ही व्हय रेसकोर्सची?" आदेश विंटरपुढे उभा राहिला. "हमजाभाऊ, काय जनावर हाय राव. फोटोपेक्षा भारी. फ्लेक्सवर आपण हिचाच टाकलाय, चौकात लागला पण."

"फ्लेक्स घाटात पळत न्हाई," हुदा म्हणाली.

दादांनी मान वळवली. या घरातल्या बायका गुळाच्या वेळी दाराआड असत. हुदा पाण्याचे तांबे घेऊन समोर उभी होती आणि तांबे ठेवून जात नव्हती.

"सूनबाई काय म्हणतीय, मेहबूब?"

"काय न्हाई, दादा. घोडी ठरलीय."

"ठरली न्हाई, दादा," हुदा म्हणाली. "घरात दोन घोड्या हायत. आजपर्यंत तुमी गूळ चारून घोडी घाटात नेली. एवढ्या वर्षांत अब्बांची निवड चुकली न्हाई म्हणून ते चालून गेलं. यंदाची घोडी अब्बांनी पळताना बघितलेली न्हाई. तर एवढंच म्हणते, बैल आलेत, गाडा आलाय. आधी दोनी पळवा. मग गूळ द्या."

"तोंडओळखीला पळवत न्हाईत, वहिनी," आदेश म्हणाला. "असं कदी झालं न्हाई."

"झालं न्हाई म्हणून व्हत न्हाई असं थोडंच हाय?"

मेहबूबचाचांनी काठी आपटली. "हुदा, आत जा."

ती गेली नाही. सासऱ्याचा शब्द तिनं चारचौघांत कधी मोडला नव्हता. आज आत गेलो तर पुढची पायरी नारायणगावची, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"अब्बा," अलिझा ओट्यावरून म्हणाली, "भाभी बरोबर बोलतायत. मलाही बघायचंय."

हमजानं बायकोकडे पाहिलं. त्याला राग आला असावा, पण त्याहून जास्त काहीतरी आलं. "पळवू," तो म्हणाला. "माज्या घोडीला काय भ्या हाय?"

भगवंतदादांनी खिसा चाचपला. "गूळ हितंच हाय, कुठं जात न्हाई. मेहबूब, तुजी सून आन तुजा ल्योक दोघंबी म्हणत्यात तर तू आन मी कशाला आडवं पडायचं? चला पाणंदीवर."

तबेल्याच्या मागच्या दारातून दिसणारी, कुकडीच्या काठानं गेलेली ती पाणंद रुंद होती. एका अंगाला कांदा काढून मोकळं झालेलं वावर, दुसऱ्या अंगाला बाभळी. पोरांनी बैल जुंपले आणि दोन्ही बाजूंनी धरून ठेवले. हिऱ्या आत्ताच जमीन उकरत होता. पुढे थोड्या अंतरावर हमजा विंटरवर बसला, पाठ सरळ, गुडघे वर, रेसकोर्सवर बसतात तसा. माणूस आणि घोडी एकाच मातीचे घडवल्यासारखे दिसत होते. हुदालाही ते दिसलं आणि क्षणभर तिला वाटलं, आपण हरलो.

आदेशनं हाळी दिली. पोरांनी बैल सोडले.

विंटर सुटली, पण लगेच नाही. आधी तिनं अंग गोळा केलं, मान सावरली, एखादी बाई पायऱ्या चढण्याआधी पदर नीट करते तसं. तेवढ्यात बैल आले. हिऱ्याचं शिंग तिच्या मांडीला घासलं, ती दचकून आडवी झाली, आणि पुढचं सगळं एकदम झालं. कोसा डावीकडे ओढत होता, हिऱ्या उजवीकडे, गाड्याचं एक चाक हवेत. अलिझा हमजाचं नाव घेऊन ओरडली. हमजानं लगाम असा खेचला की घोडी पाणंद सोडून कांद्याच्या वावरात उतरली, आणि तो तिच्या खांद्यावरून मातीत पडला. बैल पुढे जाऊन बाभळीशी अडले. गाडा कलंडला, पण कुणाला मोठं लागलं नाही.

आणि विंटर? ती पळत होती. मोकळ्या वावरातून, मग त्याच्या पुढच्या, मग नदीकडच्या उतारावरून, प्रत्येक ढांगेला आधीपेक्षा वेगात. सगळे बघत राहिले. एवढं सुंदर पळणं त्या काठानं कधी पाहिलं नसेल. हुदाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या घोडीचा काही गुन्हा नव्हता. तिला फक्त चुकीच्या वाटेवर उभं केलं होतं.

अलिझा वावरात गुडघे टेकून हमजाचा हात बघत होती. मागे मोडलेलं मनगट सुजायला लागलं होतं. त्यानं दुसऱ्या हातानं तिची ओढणी धरून ठेवली होती.

"आता दुसरी," भगवंतदादा म्हणाले. त्यांनी हिऱ्याच्या शिंगावरून हात फिरवून त्याला शांत केलं होतं. "पण बसणार कोण? हमजा तर बसत न्हाई आता."

"मी," हुदा म्हणाली.

तिनं ओढणी कमरेला आवळली आणि बिस्मिल्ला म्हणून रेशमावर चढली. खोगीर नव्हतं. पहाटे कधीच नसायचं. मेहबूबचाचा काठी टेकत पुढे आले आणि थबकले. ती कशी बसलीय ते त्यांनी पाहिलं होतं. ते बसणं कुणी शिकवलं हे ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. त्यांनी स्वतःच ते नुमानला शिकवलं होतं.

"टाचा खाली," ते फक्त एवढं म्हणाले.

बैल सुटले आणि त्याच क्षणी रेशमा सुटली. अगदी आधी नाही, नंतरही नाही. हुदाला मागे पाहायची गरज पडली नाही. बैलांचा श्वास तिच्या पाठीशी तेवढ्याच अंतरावर येत राहिला, ना जवळ ना लांब, आणि रेशमाचं शेपूट त्या दोघांना हाताला धरून नेल्यासारखं पुढे नेत राहिलं. बाभळी गेल्या, वळणाजवळचा चर गेला. ती हसत होती की रडत होती ते तिला कळलं नाही, आणि ते कळून घ्यायची तिला घाईही नव्हती.

परत आली तेव्हा आदेश घड्याळ बघत उभा होता. त्यानं ते वडिलांपुढे धरलं. दादांनी पाहिलं आणि टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला.

"लाडकीची पोर," ते म्हणाले.

मग त्यांनी खिशातून गूळ काढला आणि अडले. समोर मेहबूबचाचा दोन्ही हात काठीवर ठेवून उभे. त्यांच्या शेजारी हमजा, सुजलेला हात छातीशी धरून. आणि रेशमाजवळ घामानं भिजलेली हुदा. दादांच्या घरातून आजवर बाईच्या ओंजळीत हा गूळ गेला नव्हता. म्हातारा माणूस, चार पिढ्यांची रीत हातात घेऊन उन्हात उभा राहिला.

"मेहबूब, कुणाला देऊ?"

मेहबूबचाचा धाकट्याकडे बघत होते, आणि आता सगळेच त्याच्याकडे बघत होते. एका शब्दानं तो हे थांबवू शकत होता. बाईच्या हातात कसा देणार, एवढं म्हटलं असतं तरी निम्मं गाव त्याच्या बाजूनं उभं राहिलं असतं.

हमजानं नदीच्या उताराकडे पाहिलं. विंटर तिथं एकटी चरत होती.

"भाभीला द्या, दादा," तो म्हणाला. "दुसऱ्याची घोडी असती तर मी हे आधीच सांगितलं असतं."

दादांनी गूळ दिला. हुदानं ओंजळ रेशमाच्या तोंडापुढे धरली. रेशमानं ओलसर ओठांनी खडा उचलला आणि चावताना कान हलवले. मेहबूबचाचांनी मान दुसरीकडे वळवून नाक शिंकरलं.

"आन उद्या घाटात?" आदेशनं विचारलं. "वहिनी, तितं हजारो माणूस असतंय. चौकात फ्लेक्स हाय तो..."

"फ्लेक्स बदला," अलिझा म्हणाली. "फोटो मी पाठवते."

सगळ्यांची नजर मागच्या दाराकडे गेली होती. तिथं बिबिजान उभी होती. ती केव्हा आली, किती पाहिलं, कुणाला ठाऊक नव्हतं. सासरा मानला, दीर मानला, पण या बाईनं नको म्हटलं तर घाटाचं नाव काढता येणार नव्हतं. आणि एक मुलगा गमावलेल्या आईनं नको का म्हणू नये?

बिबिजान चालत आली. रेशमाच्या मानेवरचा घाम तिनं आपल्या पदरानं पुसला, मग त्याच पदरानं हुदाचं तोंड पुसलं, आणि कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा तिच्याशी दखनीत बोलली.

"दो साल से रोज फजर से पैले उठतूं मैं. तू वापस आती नै तब तक उस दरवाजे में खडी रैती, कहीं गिरी तो आवाज आना करके. पाँव दुखते मेरे." मग ती भगवंतदादांना ऐकू जावं म्हणून मराठीत म्हणाली, "उद्या मागच्या दारानं जायचं न्हाई. पुढच्या दारानं घोडी काढ."